काकू पडल्याच नव्हत्या म्हणे: एका बोन स्कॅनची केस, इंजेक्शनपासून रिपोर्टपर्यंत

मी पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिनमधे टेक्नॉलॉजिस्ट आहे. इंजेक्शन भरणं, पेशंटला झोपवणं, कॅमेरा चालवणं हे माझं काम, रिपोर्ट डॉक्टरांचा. बोन स्कॅन, म्हणजे किरण सोडणारं औषध शिरेत टोचून सांगाड्याचा फोटो काढणं, आमच्याकडे रोजचेच, इतके की संध्याकाळी विचारलं तर कुठला सांगाडा कुणाचा ते सांगता येणार नाही. ही केस मात्र डोक्यातून जात नाही कारण तिच्या फॉर्मवर चुकीची टिक मी स्वतः केली होती. पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, गाव, दिवस थोडे इकडंतिकडं केलेत, बाकी जसं झालं तसं.

काकू ६८ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या. पाच वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर झालेला, ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि तेव्हापासून रोज लेट्रोझोलची एक गोळी चालू. दरवर्षीच्या तपासण्या नीट येत होत्या, सगळं सुरळीत. मग महिन्याभरापासून कंबर दुखायला लागली, कंबर म्हणजे अगदी खाली, बसायची जागा आणि त्याच्या वरचा पट्टा. आधी बाम, मग शेक, मग गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन, मग कमरेचा एक्सरे. एक्सरेत वयोमानाप्रमाणे मणक्यांची झीज एवढंच. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज, हाडातून आणि लिव्हरमधून येणारं एक एन्झाइम, थोडं वाढलेलं. आणि जुनी फाईल बघून कुणीतरी बोलून गेलं की हाडात पसरलेला असू शकतो. हे वाक्य पेशंटसमोर इतक्या सहज का टाकतात मला आजपर्यंत कळलेलं नाही, कारण त्या दिवसापासून मुलाची झोप उडाली होती आणि काकूंनी म्हणे दागिने कुणाला काय द्यायचे याची यादी करायला घेतली होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी शांतपणे बोन स्कॅन लिहून दिला आणि पहाटेची गाडी पकडून मायलेक आमच्याकडे आले.

बोन स्कॅनला उपाशी यावं लागत नाही, पण हे कुणी सांगितलेलंच नसतं त्यामुळं दोघंही रिकाम्या पोटी. आधी त्यांना खाली पाठवलं, चहा-पोहे खाऊन या म्हटलं. परत आल्यावर फॉर्म. आमचा फॉर्म अर्ध्या पानाचा, त्यात कुठं दुखतं, कधीपासून, ऑपरेशन कुठली, रेडिएशन घेतलं का, सांधा बदललाय का, फ्रॅक्चर झालंय का, हल्ली पडलात का असं सगळं. पडलात का विचारल्यावर काकूंच्या आधी मुलगाच म्हणाला, नाही मॅडम, आई घराबाहेरसुद्धा जात नाही. काकूंनी मान हलवली. मी "नाही"वर टिक केली आणि पुढच्या प्रश्नावर गेले, बाहेर अजून चार जण बसलेले.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. काकू खुर्चीत बसत नव्हत्या. भिंतीला टेकून उभ्या, थोड्या वेळानं खुर्चीच्या कडेवर एका बाजूनं टेकायच्या, पुन्हा उभ्या.

आता इंजेक्शनबद्दल, कारण मुलाचे सगळे प्रश्न त्याचेच होते आणि सगळ्यांचे तेच असतात. आमच्याकडे शिशाच्या जाड कवचात एक जनरेटर असतो, त्यात मोलिब्डेनम-९९ बसलेलं असतं, आम्ही त्याला मॉली म्हणतो. मॉलीचं अर्ध आयुष्य ६६ तास, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं, आणि ते मोडता मोडता त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. सकाळी त्या जनरेटरमधून सलाइन ओढून घेतलं की टेक्नेशियम सलाइनबरोबर बाहेर येतं आणि मॉली आतच चिकटून राहतं. याला आमच्या धंद्यात सरळ दूध काढणं म्हणतात, जनरेटर ही गाय. सोमवारी गाय भरपूर दूध देते, शुक्रवारी आटलेली असते, मग शुक्रवारच्या पेशंटची गणितं जुळवताना आमची दमछाक. देशात हा माल पुरवणारी मुख्य सरकारी संस्था म्हणजे वाशीची ब्रिट, अणुऊर्जा खात्याची.

नुसतं टेक्नेशियम हाडात जात नाही, त्याला तिथं घेऊन जाणारं कुणीतरी लागतं. ते म्हणजे एमडीपी, एक फॉस्फेटच्या जातीचं औषध, बाटलीत कोरडी पावडर असते, त्यात टेक्नेशियम सोडायचं, हलवायचं, थोडा वेळ ठेवायचं, झालं. हाडातलं खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेटचंच असतं, आणि जिथं नवं हाड घालायचं काम चालू असतं तिथं या खनिजाचे ताजे बारीक स्फटिक उघडे पडलेले असतात, एमडीपी जाऊन त्यांना चिकटतं. रक्तपुरवठा जास्त तिथं जास्त पोचतं, बांधकाम जास्त तिथं जास्त चिकटतं. गावात नवी घरं कुठं उठतायत हे बघायचं तर वाळूचे ट्रक कुठल्या गल्लीत वळतात ते बघावं, तसं. या कामासाठी टेक्नेशियमला फॉस्फेट जोडायची युक्ती १९७१ साली गोपाल सुब्रमणियन आणि मॅकअफी यांनी अमेरिकेत सिराक्यूजला काढली, आणि पुढं १९७५ मधे सुब्रमणियन यांच्याच गटानं एमडीपी आणलं जे आपण अजून वापरतो. त्याआधी स्ट्रॉन्शियम-८५ वापरायचे, त्याचं अर्ध आयुष्य ६५ दिवस, म्हणजे एका फोटोसाठी पेशंटनं महिनोन्महिने रेडिएशन अंगात बाळगायचं. टेक्नेशियमचं अर्ध आयुष्य फक्त ६ तास.

काकूंना २० मिलिक्युरी दिलं. आकडा छोटा वाटतो पण त्याचा अर्थ सेकंदाला ७४ कोटी अणू मोडतायत. हे ऐकून मुलगा पांढरा पडला, मग त्याला सांगितलं की ६ तासांत निम्मं होतं, १२ तासांत पाव, दुसऱ्या दिवशी या वेळेला सोळावा हिस्सा, शिवाय बरंचसं लघवीवाटे आधीच निघून गेलेलं असतं. एकूण डोस साधारण ४ मिलिसिव्हर्टच्या आसपास जातो, आणि जगात सरासरी माणूस माती, आकाश, अन्न, हवा यातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट घेत असतो. म्हणजे फुकट नाही, पण घाबरून पळून जावं असंही नाही. प्रेग्नंट बाईला मात्र अगदीच अडल्याशिवाय देत नाही, बाळाला पाजणारी असेल तर आधी सांगावं लागतं. काकूंना एवढंच सांगितलं की आज घरी गेल्यावर धाकट्या नातवाला मांडीवर घेऊन बसू नका, उद्या घ्या.

सुई उजव्या हाताला. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, त्या काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, त्या हाताला टोचायचं नाही हा नियम. शिवाय औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथं आणि कधीकधी काखेतल्या गाठीत चमकतं, आणि जी बाजू आधीच संशयाखाली आहे तिथं असला घोळ नको. ज्यांना हाडातलं इन्फेक्शन किंवा ताणाचं फ्रॅक्चर शोधायचं असतं त्यांचे इंजेक्शन देतानाच पहिले फोटो काढतो, मग पाच मिनिटांनी, मग तीन तासांनी, तो तीन टप्प्यांचा स्कॅन. काकूंना त्याची गरज नव्हती. सव्वादहाला इंजेक्शन, दीड वाजता स्कॅन, मधे दीड लिटर पाणी प्या आणि सारखं लघवीला जाऊन या. हे पाणी पिणं लोकांना टाइमपास वाटतं पण रक्तात आणि मांसात उरलेलं औषध धुऊन निघाल्याशिवाय हाडं उठून दिसतच नाहीत.

दीड वाजता आत घेतलं. मुलगा बाहेर. कॅमेऱ्याखाली जाताना धातू नको, कारण धातू किरणं अडवतो आणि तिथं हाडात भोक असल्यासारखा पांढरा डाग येतो, त्यामुळं मंगळसूत्र, कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा, चोळीतली सुट्ट्या पैशांची पुरचुंडी सगळं काढून ट्रेमधे ठेवायला लावलं. किल्ल्या काढताना काकूंनी उजव्या कुशीला हात लावून चेहरा वेडावाकडा केला. मी सहज म्हटलं, काकू इथंपण दुखतं का, फॉर्ममधे नाही सांगितलंत. तर त्यांनी आधी दाराकडं बघितलं.

"पोराला बोलू नका हां. लोणच्याची बरणी काढाय स्टुलावर चढले होते. ओट्याच्या काठावर आले अशी. त्यानं दोनदा बजावलं होतं स्टुलावर चढायचं न्हाई म्हणून."

कधी? तर सात आठवडे झाले असतील. श्वास घेताना चार-आठ दिवस लागायचं, मग कमी झालं. आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी कंबर सुरू झाली, पण दोन्हीचा संबंध त्यांनी लावलाच नव्हता, कारण पडल्या होत्या कुशीवर आणि दुखत होतं खाली.

मी त्यांना झोपवलं. इथं दुसरी खटकलेली गोष्ट. आमचं टेबल अरुंद आणि टणक, वीसेक मिनिटं न हलता झोपायचं, कंबरदुखीचे पेशंट यात रडकुंडीला येतात, आणि ज्यांच्या हाडात कॅन्सर असतो त्यातले खूप जण सांगतात की रात्री आडवं पडलं की जास्त ठणकतं. काकू आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, आता कुठं बरं वाटलं, इथंच राहू द्या मला.

लोक कॅमेऱ्याला घाबरतात पण तो बिचारा काहीच सोडत नाही. एक्सरे मशीन किरण सोडतं, इथं किरण पेशंटच्या अंगातून येतात आणि कॅमेरा नुसता बघतो. वर एक डोकं, खाली एक डोकं, प्रत्येकात सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक, त्याच्यापुढं शिशाची जाळी, मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची. सरळ येणारा किरण भोकातून आत जातो, तिरपे बहुतेक शिशातच मरतात, आत गेलेला स्फटिकावर आपटून चमक पाडतो, ती चमक मोजून ठिपका मांडला जातो. असे लाखो ठिपके जमले की सांगाडा दिसायला लागतो, जिथं औषध जास्त तिथं जास्त काळा. पडद्यावर तो हळूहळू डोक्यापासून खाली उतरत येतो आणि चौदा वर्षं बघूनही मी त्या वेळी मोबाइल हातात घेत नाही.

काकूंची कवटी साफ. जबड्यात एक ठिपका, दाढ किडलेली असणार. छातीची डावी बाजू उजवीपेक्षा थोडी जास्त काळी, ते ठीकच, स्तन काढलेला असला की मधे किरण अडवायला मांस कमी असतं. मग उजव्या बरगड्या, सहावी सातवी आठवी, तिन्हींवर एकेक गडद ठिपका. कमरेचे मणके बरे. आणि मग कमरेखाली, दोन खुब्यांच्या मधलं जे त्रिकास्थी, सॅक्रम, ते आख्खं भडकलेलं. पुढं जांघेच्या मधल्या हाडावर आणखी एक डाग. दोन्ही गुडघे, पण या वयाला गुडघे सगळ्यांचेच.

रीडिंग रूममधला ज्युनिअर डॉक्टर पडदा बघून पटकन म्हणाला, मल्टिपल मेट्स, म्हणजे कॅन्सर बऱ्याच जागी पसरलाय. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कॅन्सरची बाई, कंबरदुखी, बरगड्या, सॅक्रम, जांघेचं हाड, फॉर्मवर लिहिलंय पडली नाही. पुस्तकातलं चित्र असंच लागतं. आणि ती टिक माझी होती. जेवायची वेळ झालेली, पुढचा पेशंट टेबलवर घ्यायचा होता, एक क्षण वाटलंही की नंतर सांगू, मग तशीच आत गेले आणि आमच्या सिनिअर सरांना बरणीचं सगळं सांगितलं. बसवत नाही आणि झोपलं की बरं वाटतं हेपण सांगितलं, म्हटलं असू दे, जास्त वाटलं तर हसतील.

सर हसले नाहीत, त्यांनी मागून घेतलेला फोटो मोठा केला आणि ज्युनिअरला विचारलं, बरगड्यांवर काय दिसतंय? एकाखाली एक, सरळ रेघेत, ओळंबा लावल्यासारखे. कॅन्सर असा ओळीत येत नाही, तो कुठंही पडतो, आणि बरगडीत आला तर बहुतेक वेळा बरगडीच्या लांबीनं पसरत जातो. ओट्याचा काठ मात्र सरळ असतो. मग सॅक्रम. तिथला गडदपणा नीट बघितला तर सगळीकडं सारखा नव्हता, दोन बाजूंना दोन उभ्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक आडवी. इंग्रजी एच. यालाच होंडा साइन म्हणतात, होंडाच्या कारच्या बोनेटवर असतो ना तो एच. ठिसूळ झालेल्या हाडावर नुसतं शरीराचं वजन रोज पडत राहिलं तरी सॅक्रमच्या दोन्ही पंखांना तडे जातात, आणि मग मधून आडवा. जांघेच्या पुढच्या हाडाला तडा जाणं हे त्याच्याच जोडीला बरेचदा येतं, कारण कंबरेचं कडं एका जागी मोडलं की ताण दुसरीकडं जातो, कडक कडबोळं एकाच जागी मोडून बघा म्हणजे कळेल.

एक्सरेत हे का नाही दिसलं? एक तर एक्सरे कमरेच्या मणक्यांचा होता, सॅक्रम कोपऱ्यात. दुसरं, त्या हाडाच्या पुढ्यात आतडी, त्यात गॅस, मागं काही दिसत नाही. तिसरं म्हणजे एक्सरेत फरक दिसायला हाडातलं खनिज बरंच कमी व्हावं लागतं, ३० ते ५० टक्के म्हणतात, आणि बोन स्कॅनला मात्र हाडानं दुरुस्ती सुरू केली की पुरे. म्हातारपणी फ्रॅक्चर उठायला दोन-तीन दिवस लागतात कधीकधी, पण सात आठवडे म्हणजे ऐन जोरात. बरगडीचं जुनं फ्रॅक्चर तर वर्षभरसुद्धा चमकत राहू शकतं.

पण नुसत्या एच वर सही करणं सरांना मान्य नव्हतं. त्याच टेबलवर, त्याच इंजेक्शनवर स्पेक्ट-सीटी केला, एकदा कमरेचा, एकदा छातीचा. यात कॅमेऱ्याची डोकी पेशंटभोवती फिरून त्रिमिती चित्र देतात आणि त्यावर सीटी बसवतात, म्हणजे ठिपका नेमका हाडाच्या कुठल्या भागात आहे ते कळतं. सीटीत सॅक्रमच्या दोन्ही पंखांत सांध्याला समांतर तड्याची रेघ, कडेनं घट्ट झालेलं हाड, हाड खाल्लेलं कुठंच नाही, गाठ नाही. बरगड्यांवर भरून येणाऱ्या फ्रॅक्चरच्या गुठळ्या. रिपोर्टात तसं लिहिलं, मेटास्टॅसिसचा म्हणजे कॅन्सर पसरल्याचा पुरावा नाही, ठिसूळ हाडांची फ्रॅक्चरं, डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी करावं, गरज वाटल्यास एमआरआय. कॅन्सरच्या डॉक्टरांनी खात्रीसाठी एमआरआय करूनही घेतला, त्यात तेच आलं.

मुळात हाडं इतकी ठिसूळ का झाली याचं उत्तर त्या रोजच्या गोळीत होतं. लेट्रोझोल शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन खाली आणतं, कॅन्सरला तेच हवं असतं म्हणून, पण इस्ट्रोजेन गेलं की हाडांची झीज वाढते. म्हणून ही गोळी चालू करताना डेक्सा करायचा असतो आणि मधेमधे परत. काकूंचा पाच वर्षांत एकदाही झालेला नव्हता. कुठं राहिलं, कुणी सांगितलं नाही का यांनी केलं नाही, मला माहीत नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर असे पेशंट सारखे येतात आणि खरं सांगायचं तर राग येतो. डेक्सात टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे ३.४ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. व्हिटॅमिन डी ९, म्हणजे फारच कमी. दिवसभर शेताच्या बांधावर असणारी बाई, पण गेली पाच वर्षं आजारपणामुळं घरातच. आणि ते वाढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज, ज्यावरून पहिली शंका आली, ते हाड भरून येतानाही वाढतंच.

आधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम भरून काढलं, कारण ते कमी असताना झोलेड्रोनिक ॲसिड, हाडांची झीज थांबवणारं औषध, दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येऊ शकतं. ती किडलेली दाढही आधी काढून घेतली, या औषधावर असताना दाढ काढणं जबड्याला महागात पडू शकतं. मग झोलेड्रोनिकची सलाइन. वॉकर घेऊन थोडं थोडं चालायला लावलं, पूर्ण अंथरुणात टाकून ठेवलं की हाडं अजून झिजतात. गोळी डॉक्टरांनी बंद केली नाही.

याचा उलटा अर्थ काढू नका की बोन स्कॅनवर काळं दिसलं म्हणजे फ्रॅक्चरच असणार. त्याच आठवड्यात आमच्याकडे प्रोस्टेटचे एक आजोबा होते, त्यांचा मणका, खुबे, बरगड्या, कुठंही कसेही ठिपके, तिथं शंकेला जागाच नव्हती. कधी कॅन्सर इतका पसरलेला असतो की सगळा सांगाडाच औषध पिऊन टाकतो, किडन्याच दिसत नाहीत, आणि चित्र नवख्याला छान स्वच्छ वाटतं, सुपरस्कॅन म्हणतात त्याला, तो सगळ्यात फसवा. मायलोमात, म्हणजे हाडाच्या मज्जेतल्या एका कॅन्सरमधे, हाड खाल्लं जातं पण दुरुस्ती होत नाही त्यामुळं स्कॅन गप्प बसतो. हाड कुठं कामाला लागलंय एवढंच हा स्कॅन दाखवतो, का लागलंय ते बाकीच्यांनी शोधायचं.

रिपोर्ट घ्यायला दुसऱ्या दिवशी दोघं आले. सरांनी मुलाला सांगितलं, कॅन्सर पसरलेला नाही, आणि तो एवढा मोठा माणूस तिथंच खुर्चीत बसून रडला. काकू उभ्याच. मग त्यानं डोळे पुसून रिपोर्ट वाचायला घेतला. आमच्या रिपोर्टात वर हिस्टरीची ओळ असते, आणि त्यात सरांनी इमानेइतबारे लिहिलं होतं, सात आठवड्यांपूर्वी स्टुलावरून पडल्याचा इतिहास. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आई, तू पडलीस कधी?"

काकूंनी माझ्याकडं जे बघितलं ते मी सांगत नाही.

पाच महिन्यांनी त्या काठी टेकत आल्या, पुढच्या सलाइनच्या तारखेचं विचारायला, खुर्चीत नीट बसल्या. ते एच दिसणारं चित्र अजून आहे का विचारलं, म्हटलं आहे, होंडा साइन म्हणतात त्याला.

"आमच्याकडं तर हिरो हाय," त्या म्हणाल्या. मग मुलाचं लक्ष नाही असं बघून हळूच सांगितलं की स्टूल त्यानं शेजाऱ्यांना देऊन टाकलं आणि बरण्या सगळ्या खाली आल्या.